टक् वाजणारं बटण

झाकण्याची ताई मंगळवारी गेली. कंपनीच्या लेखी मात्र तसं काही घडलेलंच नाही. तेव्हा आपणही घडलं नाही असंच धरून चालू.

झाकण्या हे नाव ताईनेच पाडलेलं. तो कंपनीत संगणकांचे आराखडे काढायचा आणि घरातल्या प्रत्येक कॅमेऱ्यावर चिकटपट्टी लावायचा. ताईच्या लग्नात त्याने फोटोग्राफरवर नजर ठेवली होती. नवरदेवावर ठेवायची राहून गेली. नवरा ताईच्या संगणकातून तिचं बोलणं ऐकायचा. ती कुठेही लपली, की तासाभरात हा दारात हजर.

म्हणून झाकण्याने नव्या मॉडेलच्या आराखड्यात कडेला एक बटण टाकलं. माइकची तार त्यातून गेलेली. बटण दाबलं की तार तुटली. मग आत कोणी घुसलं तरी ऐकणार काय, कपाळ?

साहेबांना बटण फार आवडलं. विशेषतः आवाज. बैठकीत अकरा प्रकारचे ‘टक्’ वाजवले गेले. झाकण्या डोळे मिटून ऐकत होता. सातव्याला सगळ्यांनी माना डोलावल्या.

“मग कर की सही, चहा गार होतोय,” साहेबांनी सुधारित आराखडा पुढे सरकवला.

त्याने केली. दुसरं पान उघडून पाहिलं नाही. त्यावर माइक थेट जोडला होता आणि बटणाला कुठलीच तार नव्हती. गिऱ्हाइकाला तार दिसत नाही, टक् ऐकू येतो.

पहिला नग त्याने ताईला दिला. नवऱ्याने पाठवलेले घटस्फोटाचे कागद तिने त्यावरच उघडले. कागदांबरोबर नवराही संगणकात शिरला.

सोमवारी नव्या खोलीतून तिचा फोन आला.

“झाकण्या, बटण दाबलंय बघ. बोलू का मोकळं?”

“बिनधास्त. आपल्या काकांसारखं ठार बहिरं झालंय ते.”

“काका सोयीने बहिरे आहेत रे! बरं, पत्ता घे. शिंप्याच्या दुकानावर, दुसरा मजला, निळं दार. आणि येताना चांगलं कुलूप आण, इथलं नुसतं शोभेचं आहे.”

मंगळवारी तो कुलूप घेऊन पोचला. निळं दार उघडंच होतं. ताई जमिनीवर होती. टेबलावर संगणक होता, बटण दाबलेलं.

त्याच्या तक्रारीला कंपनीचं उत्तर आलं: बटण तपासले, टक् वाजते, दोष आढळला नाही.

त्यावर त्याने अर्ज केला:

‘सदर बटणास मागील सोमवारपासून पूर्वलक्षी प्रभावाने तार जोडण्यात यावी, मंगळवारच्या नोंदीत त्यानुसार दुरुस्ती करण्यात यावी, व अर्जदाराची बहीण अर्जदारास परत मिळावी, ही विनंती. सोबत: कुलूप, न वापरलेले, नग एक.’