राजाची जोडी

पांढुर्ण्यात पोकरच्या डावात, सगळ्यांची सामाईक मधली पानं उघडायच्या आधीच हेमराजने बोली तिप्पट केली. प्रफुल्लचं डोकं भडकलं. तीनपत्तीत बायकोचा हा भाऊ पत्ते न पाहताच अशी बोली फुगवायचा. मग मधल्या पानांत राजा उघडला, अन् प्रफुल्लच्या हातातही राजाच होता; जोडी जमली. त्याहून मोठं पान मध्ये नव्हतं.

"भाऊजी, सोडा. ही तीनपत्ती नाही, मी पाहून खेळून राहिलो."

"मले शिकवतं का बे?" प्रफुल्लने मोटरसायकलची चावीच डावावर आपटली.

हेमराजने हातातले दोन एक्के मांडले, राजाच्या जोडीहून मोठी जोडी. पुढच्या पानांनीही प्रफुल्लला साथ दिली नाही.

"चला, तुमच्या घरी सौंसरले सोडतो. पेट्रोल तेवढं तुम्ही टाका."

दातओठ खात प्रफुल्ल स्वतःच्याच गाडीवर मागे बसला.