हाजराबाईचा चपलांचा नियम

चंद्रपुरातल्या त्या वस्तीत धंदा करणाऱ्या बायांची एक समिती होती, आणि हाजराबाई तिची अध्यक्ष. नुसती नावाची नव्हे. वीस वर्षं तिनं स्वतः धंदा केला होता आणि आता बायांसाठी पोलीस ठाण्याच्या पायऱ्या झिजवत होती.

दिवाळीत वस्तीतल्या सुकरीला एका गिऱ्हाईकानं मारलं, तेव्हा ठाण्यात पहिला प्रश्न आला, "माणूस कुठी हाये? नाव काय त्याचं?" तो केव्हाच पसार झालेला. सुकरी सुजलेलं तोंड घेऊन तशीच परत आली. हाजराबाईच्या ते फार जिव्हारी लागलं. तिनं नियमच काढला: गिऱ्हाईक आत गेलं, की त्याच्या चपला शेजारणीनं आपल्या खोलीत नेऊन ठेवायच्या. आतली बाई स्वतः दारात येऊन सांगेल, तेव्हाच परत द्यायच्या.

"अशानं गिऱ्हाईक टिकन का बाई?" सुकरीच सगळ्यांत जास्त हसली.

मे महिन्यातल्या भर दुपारी तिच्याच खोलीतून ओरडा ऐकू आला. एक माणूस तावातावानं बाहेर पडला आणि चपला शोधू लागला. शेजारच्या दारात त्या चपला हातात घेऊन हाजराबाई उभी होती.

"सुकरीले विचारून देते," ती म्हणाली.

शिवी हासडून गडी अनवाणीच निघाला. पण चंद्रपूरचं ऊन ते. डांबरावर दहा पावलं गेला आणि नाचत नाचत कडुनिंबाच्या सावलीत परत आला. सावली हातभर, भोवती बाया बावीस. त्यांनी बोलावलेल्या ऑटोत तो निमूट बसला.

ठाण्यात जमादारानं सुकरीचा फुटलेला ओठ पाहिला, टेबलावरच्या चपला पाहिल्या, चपलांचा धनी पाहिला. 'माणूस कुठी हाये' विचारायची सोय उरली नव्हती. तो तक्रार लिहायला बसला.

"धंद्याच्या जागी घरकाम लिहितो," तो मान वर न करता म्हणाला.

हाजराबाईनं सुकरीकडे पाहिलं. इथंच बाया गप्प बसतात, आणि तेच खोटं पुढं कोर्टात त्यांच्यावर उलटतं. पण बोलायचं सुकरीनं होतं.

"धंदा करते मी, तेच लिहा साहेब," सुकरी म्हणाली. "मार खाणं त्याच्यात येत नाई."

जमादारानं तसंच लिहिलं. हाजराबाईला इतका आनंद झाला, की पदर डोळ्यांना लावायचंही तिला सुचलं नाही.

दुसऱ्या दिवशी शेजारणीकडे गिऱ्हाईक आलं. सुकरीनं त्याच्या चपला उचलल्या आणि आपल्या खोलीत, भिंतीला लावलेल्या तक्रारीच्या प्रतीखाली, जोडीनं नीट मांडून ठेवल्या.