मान डोलेपर्यंत थांबणारी घंटा

मित्रांनो, मी एक जुनी काशाची घंटा आहे. खडकीतील एका वाचनालयात, अध्यक्षांच्या मेजावर, माझे आसन आहे. मला घडवणाऱ्या वृद्ध ओताऱ्याने मातीचा साचा फोडून मला प्रथम वाजवले, माझा नाद पूर्ण विरेपर्यंत ऐकला आणि तो समाधानाने म्हणाला, "ही घाई करणार नाही." तो आशीर्वाद मला जन्मभर पुरला आहे.

बुधवार पेठेतील दुकानातून मला शास्त्रीबुवांनी आणले. देवघरासाठी हवी का, असे दुकानदाराने विचारले. वाद घालण्यासाठी हवी, असे शास्त्रीबुवा शांतपणे म्हणाले. "त्यासाठी पुण्यात घंटा कधीपासून लागू लागली?" असे म्हणत दुकानदाराने मला कागदात गुंडाळले.

शास्त्रीबुवांनी वाचनालयात वादसभा सुरू केली आणि तिला आपल्या प्राचीन शास्त्रग्रंथांतील एक नियम दिला. ते ग्रंथकार आधी प्रतिपक्षाचे म्हणणे प्रामाणिकपणे मांडत आणि मगच आपले मत सांगत. त्या पहिल्या भागाला पूर्वपक्ष म्हणतात. आमच्या सभेतही वक्त्याने प्रथम समोरच्याचे म्हणणे असे मांडावे, की समोरच्याची मान डोलावी. ती डोलली की मी वाजायचे. वक्त्याचा स्वतःचा वेळ तिथून सुरू. एका नामवंत वकिलांना तर संपूर्ण सायंकाळभर स्वतःच्या मतापर्यंत पोहोचता आले नाही. घरी जाताना ते म्हणाले, न्यायालयात बरे असते.

शास्त्रीबुवांच्या पश्चात मात्र माझे दिवस पालटले. वेळ मोजायला भ्रमणध्वनी आला आणि मी कपाटात, जुन्या दिवाळी अंकांमागे, फडक्यात पडून राहिले. बाहेर ज्याचा आवाज मोठा, तो जिंकू लागला. पुढे यमुनाबाई ग्रंथपाल झाल्या. कपाट आवरताना मी त्यांच्या हाती लागले. त्यांनी मला चिंचेने घासून लख्ख केले आणि माझ्यासोबत तो नियमही मेजावर परत आणला.

आता या वर्षीची गोष्ट ऐका. एका दैनिकाच्या पहिल्या पानावर ठळक मथळा आला : 'तुमचे सर्व संदेश सरकार वाचत आहे'. वाचनालयात एकच खळबळ उडाली. उत्तरेश्वर नावाचे आमचे एक सभासद संगणकांची जाळी सांभाळण्याचे काम करतात. असत्य छापणारे हे दैनिक वाचनालयात घेणे बंद करावे, असा अर्ज त्यांनी दिला आणि अनेकांनी त्यावर सह्या केल्या. निर्णय वादसभेनंतर व्हायचा होता.

ती बातमी लिहिणारी चैताली इथल्याच कारखान्याच्या वसाहतीत वाढलेली. याच वाचनालयाच्या बाकावर, याच दैनिकाचे मथळे बोटाने जुळवत ती वाचायला शिकली होती. आता तिच्याच बातमीपायी ते दैनिक त्या बाकासमोरून उठणार होते. उत्तर द्यायला ती स्वतः आली.

उत्तरेश्वर प्रथम उभे राहिले. "आपले म्हणणे असे, की सरकार प्रत्येकाचा संदेश उघडून वाचते."

"नाही, दादा. हे माझे म्हणणे नाही."

"बरं, प्रत्येकाचा नाही. बहुतेकांचा."

चैतालीने पुन्हा नकारार्थी मान हलवली. अध्यक्षस्थानी बसलेल्या यमुनाबाईंची बोटे माझ्या मुठीवर होती. परंतु मी मौन राखले.

"अहो, मग बातमीत आहे तरी काय?" उत्तरेश्वर त्रासून म्हणाले.

"आपण सहावे पान वाचलेत का?"

मित्रांनो, आमच्या वाचनालयात एकच अंक पाच जणांना एकदम वाचता यावा म्हणून त्याची पाने सुटी करतात. पहिले पान सर्वांच्या हातून फिरते. सहाव्या पानावर शब्दकोडे असते आणि ते पान, दार उघडताच, आप्पासाहेब खिडकीपाशी घेऊन बसतात. बातमीचा उर्वरित भाग नेमका त्याच पानावर, कोड्याच्या शेजारी होता. सह्या करणाऱ्यांपैकी एकानेही तो वाचला नव्हता.

सर्वांच्या नजरा वळल्या. आप्पासाहेबांनी यत्किंचितही विचलित न होता सदऱ्याच्या खिशातून चौघडी घातलेले पान काढले. "आडवे सात अडले म्हणून जपून ठेवले होते," ते म्हणाले. "घ्या. वाचून झाल्यावर परत करावे."

हास्याच्या लाटेत ते पान व्यासपीठावर पोहोचले. उत्तरेश्वरांनी ते उभ्याउभ्याच, सावकाश वाचले. मग त्यांचा स्वर बदलला. "आपले म्हणणे असे : कोण, कोणाशी, केव्हा बोलले, याची नोंद कंपन्यांकडे असते. ती मागण्याचा अधिकार सरकारला देणारा नियम होऊ घातला आहे. आणि ती मागणी रास्त आहे की नाही हे कोणी तपासायचे, ते त्या नियमात स्पष्ट नाही."

चैतालीची मान डोलली. मी वाजले.

आता पाळी तिची होती. मथळा वार्ताहर देत नाही, कचेरीतले दुसरेच कोणी देते. एवढे सांगून तिला मोकळे होता आले असते. ते ती बोलली नाही. "दादांचे म्हणणे असे, की पाकिटावरचा पत्ता पाहणे वेगळे आणि आतले पत्र वाचणे वेगळे. बातमीने तो भेद पाळला, मथळ्याने पाळला नाही. मथळा चुकीचा आहे."

"हो. हेच," उत्तरेश्वर म्हणाले. मी दुसऱ्यांदा वाजले, आणि इतक्या आनंदाने मी पूर्वी कधी वाजल्याचे मला स्मरत नाही.

मग खरा वाद रंगला. खोटी हाक वारंवार दिली, तर उद्या पत्रे खरोखर उघडली गेल्यावर कोण धावेल, असे उत्तरेश्वरांनी विचारले. मथळ्याच्या रागाने बातमीच बंद केली, तर पत्त्यांवर कोणाची नजर आहे हे कोण विचारेल, असे चैतालीने विचारले. दोघांच्याही प्रश्नांना टाळ्या पडल्या. अखेरीस उत्तरेश्वरांनी स्वतःच अर्ज मागे घेतला. पुढच्या आठवड्यात दैनिकाने पहिल्या पानावर मथळ्याची दुरुस्ती छापली. यमुनाबाईंनी ती फलकावर लावली आणि अंक शिवून ठेवण्याची प्रथा सुरू केली. सहावे पान आता आप्पासाहेबांना सायंकाळीच मिळते. बातम्या वाचाव्या लागल्याने कोडी सुटेनाशी झाली, अशी त्यांची लेखी तक्रार आहे.

मित्रांनो, मला चिंचेने घासायला विसरलात तरी माझा रुसवा नाही. कासे काळवंडते, पण नाद टिकतो. तुमच्याकडे मागणे एकच. एखादी बातमी ऐकून कोणाशी भांडायची वेळ आली, तर आधी तिचे सहावे पान शोधा, आणि मग समोरच्याचे म्हणणे त्याच्याच तोंडावर नीट मांडून पाहा. भ्रमणध्वनी वेळ अचूक मोजतो. मान डोलण्याची वाट तुम्हांलाच पाहावी लागेल. तो "हो, हेच" म्हणाला, की थोडे थांबा. मी खडकीत असले, तरी ऐकू येईन.