आधी इंजिन, मग पाणी

मित्रांनो, शेडच्या मागे लाकडी फळ्यांवर, ताडपत्रीखाली जे पडलं आहे ते एका जेट बोटीचं इंजिन आहे. ते इंजिन म्हणजे मी. माझ्या आतला एक दांडा वाकला आहे आणि तो सरळ करायला आता कोणी येणार नाही. तरी एकदा सांगून टाकतो. कारण त्या दिवशी खरं काय घडलं ते माझ्याशिवाय दोनच माणसांना ठाऊक आहे, आणि ती दोघंही बोलायची नाहीत.

कारखान्यातून मी आलो तो थेट नदीच्या मुखावरच्या बचाव केंद्रात. इतर बोटींना मागे पाण्यात फिरणारा पंखा असतो. माझ्या बोटीला तसलं पातं बाहेर नाही. मी बोटीखालचं पाणी ओढून घेतो आणि मागे जोरात फेकतो, त्या धक्क्याने बोट पळते. म्हणून बुडणाऱ्या माणसाच्या अगदी अंगाला लागून गेलं तरी त्याचा पाय कापण्याची भीती नाही. याच गुणामुळे मला निवडलं होतं. मला त्याचा फार अभिमान होता.

पण माझा स्वभाव तापट. थंड राहायला मला सतत पाणी लागतं, आणि धावताना मी ते खालूनच घेतो. मुखावरचं पाणी खारं. मीठ अंगात राहिलं की नळ्या आतून बुजतात, धातू कुरतडला जातो. म्हणून प्रत्येक फेरीनंतर बोट गाड्यावर ओढून काठावर आणायची, नळाचा पाइप मला जोडायचा आणि गोड्या पाण्याने मला आतून धुवायचं. त्यात क्रम चुकवून चालत नाही. आधी इंजिन सुरू करायचं, मग लगेच नळ सोडायचा. संपवताना आधी नळ बंद करायचा, मग इंजिन. पाण्यावाचून मी मिनिटभरही चाललो तर माझ्या आतल्या नळ्यांचं रबर जळतं. आणि मी बंद असताना पाणी सोडलं तर ते धुरासोबत बाहेर पडू शकत नाही, उलटं चढून थेट माझ्या छातीत शिरतं.

हा क्रम कप्तानाने आपल्या लेकीला शिकवला तो माझ्यासमोरच. कप्तान म्हणजे बोटीचा चालक. खरा कप्तान तो कधीच नव्हता, पण सगळे त्याला त्याच नावाने हाक मारायचे. लेक माझी मिस्त्री. आई गेल्यापासून बापलेक केंद्रामागच्या दोन खोल्यांत राहत होते. तो जिभेचा तिखट होता. ती पहिल्यांदा चुकली तेव्हा त्याने चार माणसांत तिची खरडपट्टी काढली, आणि मग स्वतः तिच्याशेजारी उकिडवं बसून तिला पुन्हा सगळं दाखवलं.

अकरा वर्षं आम्ही तिघांनी काम केलं. पोहायला उतरून ओढीत सापडलेली पोरं, पाय घसरून पडलेले, गळ टाकून बसणारे, एकदा तर अख्खी लग्नाची मंडळी आम्ही बाहेर काढली. मुखावर एक बाई वल्ह्याची नाव चालवायची. या काठची माणसं ती त्या काठाला नेऊन सोडायची. आम्ही बाजूने गेलो की ती वल्हं उंच करायची आणि कप्तान भोंगा वाजवायचा. तिचा नवरा काठावर जाळी विणत बसलेला असायचा. तो नुसता हसायचा.

मग कप्तानाचं काहीतरी बिघडायला लागलं.

एकदा त्याने काठावर मला सुरू केलं आणि नळ सोडायचाच राहिला. तो नळाजवळ गेला आणि इथे आपण कशाला आलो, अशा चेहऱ्याने उभा राहिला. रबर जळल्याचा वास सुटला तशी लेक धावत आली आणि तिने मला बंद केलं. पाइपच खराब आहे, असं तिने बघणाऱ्यांना सांगितलं. महिनाभराने, मला पुसता पुसता त्याने तिला सहज विचारलं, "आई अजून आली नाही का गं?" तिच्या हातातला पाना तसाच राहिला. ती म्हणाली, "येईल, बाबा."

केंद्राच्या साहेबांना सांगायला हवं होतं. तिला ते कळत होतं. पण सांगितलं असतं तर त्याच दिवशी त्याच्या हातून बोट गेली असती, आणि बोट गेल्यावर त्या माणसाचं उरलं काय असतं? सुकाणूवर त्याचे हात अजून पक्के होते. म्हणून तिने मनाशी ठरवलं की चालवू दे त्यांना, धुवायचं काम आपण करू. तिने कोणाला काही कळू दिलं नाही. बरेच महिने ते निभावलंही.

त्या संध्याकाळी फेरीवरून आलो आणि साहेबांनी तिला सुट्या भागांची यादी करायला आत बोलावलं. जाताना ती त्याला म्हणाली, "मी आल्यावर धुते. तुम्ही हात लावू नका." ते त्याला लागलं असावं. ती दिसेनाशी झाल्यावर त्याने पाइप जोडला, नळ सोडला, माझ्या झाकणावर हात ठेवला आणि गुणगुणत उभा राहिला. मला सुरू करायचं त्याला आठवलंच नाही. पाणी चढत गेलं. मी चालू नव्हतो, तर ओरडणार कशाने? पाच मिनिटांनी त्याने नळ बंद केला आणि पाइप नीट गुंडाळून ठेवला.

लेक परतली तेव्हा जमीन ओली होती. तिने विचारलं, "बाबा, इंजिन सुरू केलं होतं ना?"

"आता तू मला शिकवणार?"

तिने माझ्या झाकणावर तळवा ठेवला. झाकण कोमट लागलं. ते फेरीमुळे तसं होतं, पण तिला विश्वास ठेवायचा होता आणि तेवढी ऊब तिला पुरली. एकदा सुरू करून बघितलं असतं तर सगळं कळलं असतं. तिने बघितलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी वारा फिरला आणि मुखावर वल्ह्याची नाव उलटली. नावेत ती बाई आणि दोन उतारू होते. निरोप येताच बोट पाण्यात ढकलली, कप्तानाने बटण दाबलं. मी नुसतं टक् केलं. त्याने पुन्हा दाबलं, पुन्हा दाबलं. एका सिलिंडरमध्ये ठिणगी पडली आणि मी जीव खाऊन फिरायला गेलो, पण शेजारच्यात पाणी होतं. हवा दाबली जाते, पाणी दाबलं जात नाही. माझा दांडा वाकला.

लेकीने प्लग काढले. बटण दाबताच भोकांतून पाण्याच्या चिळकांड्या उडाल्या. क्षणात तिला सगळं उमगलं होतं. तरी ती हातघाईने खटपट करत राहिली. पाऊण तासाने एक मासेमारी बोट तिथे पोचली. पालथ्या नावेला धरून दोन्ही उतारू जिवंत होते. बाई नव्हती.

दुपारी साहेबांनी सगळ्यांना माझ्याभोवती उभं केलं आणि आदल्या दिवशी मला कोणी धुतलं ते विचारलं. लेक म्हणाली, "मी. पाणी आधी सोडलं गेलं."

कोणी काही बोलायच्या आत कप्तान पुढे झाला. त्याचा चेहरा रागाने लाल झाला होता आणि त्या रागात तिळभरही खोटेपणा नव्हता. "किती वेळा सांगितलंय तुला," तो म्हणाला, "आधी इंजिन, मग पाणी. एवढंही लक्षात राहत नाही? माणूस गेलं ना तुझ्यामुळे."

तिने मान खाली घातली. "हो बाबा. चुकलं माझं."

तिची नोकरी गेली. वय झालं म्हणून कप्तानाला मानाने निरोप दिला, टाळ्या वाजवल्या. मला बाहेर काढून इथे ठेवलं. खोल्या रिकाम्या करायच्या आदल्या दिवशी ती इथे आपली हत्यारं वेचत होती, तेव्हा त्या बाईचा नवरा आला. तिने त्याला बसवलं आणि सगळं सांगितलं. वडिलांचं, झाकणावरच्या तळव्याचं, इतके महिने गप्प बसल्याचं. तो रागावेल, अंगावर येईल, याची ती जणू वाटच बघत होती.

तो माझ्याकडे वळला. मग म्हणाला, "तिला पोहता येत होतं. काठ लांब नव्हता. उतारू सांगतात, त्यांना नावेला धरायला लावून ती बाजूला पाण्यातच थांबली. म्हणत होती, घाबरू नका, बोट निघाली असेल."

एवढं बोलून तो उठून गेला. ती तिथेच खाली बसली.

मित्रांनो, यंत्राची निगा राखा हे तुम्हाला सगळेच सांगतील. मी तुम्हाला निगा राखणाऱ्या हातांबद्दल सांगतो. ते हात विसरायला लागले की घरातल्याला आधी कळतं, आणि घरातलाच सगळ्यांत उशिरा बोलतो. तुम्ही बोला. ज्याच्याबद्दल बोलाल त्याला वाईट वाटेल, त्याचा मान जाईल, घरात रडारड होईल. होऊ द्या. मी आता बोलून काही परत येणार नाही. तुमच्याकडे कदाचित आजचा दिवस असेल.