अनुत्तरित एक्केचाळीस

मित्रांनो, तुम्ही निवांत बसा. मला मात्र निवांतपणा ठाऊक नाही. मी दुकानातला जुना मोबाइल. काचेला कोपऱ्यात तडा, पाठीला चिकटपट्टी आणि अंगात कायमची कणकण. कारखान्यात हजारो भावंडांबरोबर जन्मलो, पण ते काही फारसं आठवत नाही. माझं खरं आयुष्य सुरू झालं ते जिन्याखालच्या एका दुकानात. तिथे बॅगा दुरुस्त होत. भिंतीवर चेनची रिळं, टेबलावर जाड सुया आणि मेणाचा गोळा.

दुकान काकांचं. त्यांची एक पद्धत होती. बॅग उसवण्याआधी ते माझ्यावर तिचा फोटो काढत, म्हणजे कुठला टाका कुठे होता ते विसरायला नको. तुटके बंद, फाटक्या कडा, दात पडलेल्या चेन, सगळं माझ्या पोटात. काम झालं की पुन्हा एक फोटो. "दिसला तो टाका कसला!" असं म्हणून ते स्वतःशीच खूश व्हायचे.

पण हळूहळू गिऱ्हाईक आटलं. एके दिवशी काका पुतणीला म्हणाले, "चिमणे, अजून तीन महिने बघतो. नाहीतर शटर खाली, आणि मी लागतो गोदामावर पहारेकरी म्हणून."

"तुम्ही आणि पहारेकरी? खुर्चीत बसल्या बसल्या घोराल! आणा तो फोन इकडे," चिमणी म्हणाली. आवाज चढा होता, पण माझ्यावर टेकलेली तिची बोटं गार पडली होती.

त्या दिवसापासून माझी झोप उडाली. दिवसाला पाच पोस्ट! कधी कोडं, कधी गाणं, कधी सुटकेस डोक्यावर घेऊन नाच. काकांच्या चकाचक बॅगांचे फोटो तर रोजच. लाइकच्या बदामांचा नुसता पाऊस. नऊ हजार फॉलोअर झाले आणि मीही फुशारलो, खोटं कशाला बोलू? दर दहा मिनिटांनी ती मला उचलायची, आकडा बघायची, ठेवायची, पुन्हा उचलायची. मी तापून इस्त्री झालो होतो.

दुकानात मात्र कुणी फिरकेना. फोटोंखाली लोक विचारत, "ही बॅग केवढ्याला?" चिमणी वैतागून लिहायची, "विकायची नाही." निरोपांच्या खिडकीतही कुणी कुणी काही विचारत होतं. मी थरथरून सांगायचो, ती बोटानं बाजूला सारायची. "नंतर बघू." अडीच महिने असेच गेले.

मग एका दुपारी माझं पोट भरलं. नवा व्हिडिओ मावेना. चिमणीनं काकांचे फाटक्या बॅगांचे फोटो निवडले. "काका, हा सगळा कचरा उडवते हं." माझा जीव टांगणीला लागला. बोट खाली येता येता थांबलं. तिच्यासमोर दोन फोटो शेजारी शेजारी होते.

"काका, ही आणि ही एकच बॅग?"

"मग काय, बदलून दिली?"

"अहो, आपण नुसतं झालेलं काम दाखवतोय! लोकांना वाटतंय आपण नव्या बॅगा विकतो!"

काकांनी मला हातात घेऊन दोन्ही फोटो डोळ्यांजवळ नेले. "म्हणजे मी इतकं चांगलं शिवलं, की कुणाला कळलंच नाही?"

त्या संध्याकाळी चिमणीनं मला प्रथमच उताणं ठेवलं नाही, पालथं ठेवलं, आणि वही काढली. आपलं गिऱ्हाईक कोण? चालत येण्याएवढ्या अंतरावरचा, हातात तुटकी बॅग असलेला माणूस. नऊ हजारांत असे किती? त्याला काय हवं? होईल का, कुठे, किती दिवसांत. नाच बंद झाला. आठवड्याला दोनच पोस्ट; फाटकी आणि शिवलेली बॅग जोडीनं, खाली पत्ता आणि किती दिवस लागले ते. बदाम घटले. पण चौथ्या दिवशी एक नर्सबाई तुटक्या बंदाची बॅग छातीशी धरून आल्या. "फोटोत होती, अगदी तश्शीच आहे माझी."

मग चिमणीनं जुने निरोप उघडले. एक्केचाळीस. बसून एकेकाला उत्तर दिलं. त्यात दोन महिन्यांपूर्वीचा एक होता. 'आईची पर्स आहे. ती गेल्यापासून मीच वापरते. कडी निसटली आहे. होईल का?'

"होईल! आजच आणा," चिमणीनं लिहिलं.

उत्तर लगेच आलं. 'मागच्या महिन्यात टाकून दिली. तुमच्यासकट चार ठिकाणी विचारलं होतं.'

काकांनी ते वाचून सुई खाली ठेवली. "कडी बसवायला पाच मिनिटं लागतात गं," एवढंच म्हणाले. चिमणी रडली. मीही त्यात होतो मित्रांनो. थरथरलो खरा, पण बदामांसाठीही तसाच थरथरत होतो. तिला फरक कळावा तरी कसा?

मग उत्तरं मिळालेल्यांतले काही जण बॅगा घेऊन येऊ लागले; तीन महिने उलटले, शटर वरच राहिलं. आता नवा मोबाइल आला आहे आणि मी सुयांच्या खणात पडून असतो. काका मला टाकू देत नाहीत. तुम्हीही तुमच्या घरातला माझ्यासारखा म्हातारा टाकण्याआधी एकदा उघडून बघा. कुणीतरी काहीतरी विचारलेलं असेल.

चिमणी रोज सकाळी आधी निरोपांना उत्तरं देते, मगच दुसरं काम. खण उघडला की मला शेजारीच ठेवलेल्या तिच्या वहीचं मुखपृष्ठ दिसतं. त्यावर दोनच शब्द आहेत. आईची पर्स.