कापडाची उलटी बाजू

“गुरुवारी तुमच्या दुकानातले पैसे आणि आणखी कुठले तरी पैसे एकत्र निघाले, ताई,” धाकट्या बहिणीचा नवरा काउंटरवर पँट पसरत म्हणाला. “सगळे एकाच ठिकाणी गेले. कुणाकडे?”

रफूवालीनं मान वर केली नाही. पँटच्या गुडघ्यावर सिगारेटनं भोक पडलं होतं, वाटाण्याएवढं. ते तिनं बोटानं चाचपलं.

“धागेवाल्याकडे. तुम्हाला हो कसं कळलं?”

“त्यात काय! बिटकॉइनचा पत्ता तुम्हीच काचेवर चिकटवलाय. पुढचं सगळ्या जगाला उघडं असतं.” तो हसला. “असू दे धागेवाला. ते पैसे कधी तरी हलतील. कुठल्या तरी गावात, कुठल्या तरी दुकानात. मग बघू.”

तो गेला तरी सिगारेटचा वास मागे रेंगाळत राहिला. धाकटी पोरीला उचलून त्याच्या घरातून निघाली, त्याला आज सोळा दिवस झाले होते. ती कुठे आहे हे एकट्या रफूवालीला ठाऊक होतं. आणि गुरुवारचे पैसे धागेवाल्याकडे नव्हे, धाकटीकडेच गेले होते, पहिल्यांदाच.

शटर अर्ध्यावर ओढून ती शेजारच्या मोबाइलवालीकडे गेली. परदेशातून जुने कोट घेऊन येणाऱ्या गिऱ्हाइकांना पैसे भरता यावेत म्हणून काचेवर तो क्यूआर कोड लावून दिला होता हिनंच.

“आधी हिला धरा,” सगळं ऐकून मोबाइलवालीनं पाच महिन्यांची लेक तिच्या हातात दिली, दुकानाचा पत्ता टाकला आणि स्क्रीन तिच्याकडे वळवली. ठिपके, ठिपक्यांतून निघालेल्या रेघा, रेघांना फुटलेल्या रेघा. रफूवाली घाबरून आली होती, पण भीती विसरून ती वाकून बघतच राहिली.

“अगं, ही तर उलटी बाजू!”

“कसली?”

“रफूची. सुलट बाजूनं काही दिसत नाही. कापड उलटलं की कुठला धागा कुठून आला नि कुठे गेला, सगळं लोंबत असतं. ती बाजू कुणी बघत नाही म्हणून आमचं निभावतं. इथे तीच चव्हाट्यावर मांडलीय.”

“अगदी तस्संच. नाव नाही कुणाचं, पण एक टोक सापडलं की माणूस धागा धरून चालत सुटतो.” मोबाइलवालीनं रेघेवर बोट ठेवलं. “धाकटीसाठी मी तुम्हाला वेगळा पत्ता काढून दिला होता ना? नुसते तिथले पाठवले असते तर तिच्या नवऱ्याला वाससुद्धा लागला नसता. त्यात दुकानातले का मिसळले?”

“थोडे कमी पडत होते. दुकानाकडचे उरले होते, ते जोडले.”

“जोडले तिथेच गाठ बसली. दोन्हीकडचे एका दमात निघाले, म्हणजे मालक एकच.”

तीस वर्षं रफूवाली हेच करत आली होती. कोटाच्याच आतल्या दुमडीतून धागा उपसायचा, कोटाचंच भोक भरायचं, उरलंसुरलं वाया जाऊ द्यायचं नाही. त्यावरच तर तिचं नाव झालं होतं.

“दर गिऱ्हाइकाला नवा पत्ता देता येतो?”

“हवे तितके. फुकट.”

“मग आधी नाही सांगायचं?”

“सांगितलं होतं. तुम्ही म्हणालात, एकच बरा, लक्षात राहतो.”

बाळानं रफूवालीच्या चष्म्याची दोरी तोंडात घातली. ती तशीच राहू देत तिनं विचारलं, “आणि हे जे म्हणतात, माग लागू नये म्हणून पैशांचा ढीग करतात म्हणे?”

“हो. खूप जणांनी सारख्या मापाचे तुकडे एका ढिगात टाकायचे आणि प्रत्येकानं एकेक उचलायचा. कुठला कुणाचा, बघणाऱ्याला कळत नाही. जितके अनोळखी, तितकं बरं.”

“म्हणजे एकटीला लपता येत नाही.”

मोबाइलवालीनं तिच्याकडे पाहिलं. “नाही, मावशी.”

“गुरुवारचे टाकूया की ढिगात?”

“टाकता येतील. पण तो नेमका त्यांच्यावरच डोळा लावून बसलाय. पुढे धाकटीनं तुमच्यासारखी एक जरी गाठ मारली...”

रफूवालीनं बाळाला परत दिलं आणि तिथूनच फोन लावला. “धाकटे, त्या पैशांना हात लावू नकोस.”

“कधीपर्यंत?”

“कधीच.”

“उद्या पोरीला बूट घ्यायचे होते गं.”

“नवे पाठवते. एकेका कोटाचे, सुटे सुटे. उशीर होईल.”

“होऊ दे. जुन्यात पाय जातोय अजून, थोडा दुखतो म्हणते.”

शनिवारी धाकटीचा नवरा आला तेव्हा काचेवर कोडच्या जागी डिंकाचा चौकोन तेवढा उरला होता. “पैसे हलले नाहीत अजून,” दारातूनच तो म्हणाला.

“नाही हलले,” रफूवाली म्हणाली आणि पँट पुढे केली.

त्यानं गुडघा उजेडात धरला. अंगठा फिरवला. मग पँट उलटी केली. एरवी आत टोकं लोंबायची. या खेपेला तिनं दोन दुपारी खर्चून एकेक टोक आत विणून टाकलं होतं. तो वाकून बघत राहिला.

“कुठे होतं भोक?”

“शोधा,” ती म्हणाली, आणि पुढच्या कोटासाठी सुईत नवा दोरा ओवायला लागली.