जास्तीचं निमंत्रण

लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या माणसाला एक खोड लागते. सगळं सुरळीत चालू असलं तरी त्याचे कान टवकारलेलेच असतात, कारण बिघाड आधी ऐकू येतो आणि मग दिसतो. या माणसाची ती खोड घरी आल्यावरही सुटत नसे.

बायकोची मुलगी त्याला बाका म्हणायची. लग्न झालं तेव्हा ती बालवाडीत होती. बाबा म्हणायचं तर तिचे बाबा याच शहरात दुसरीकडे राहत होते, जरी कधी फिरकत नसले तरी. काका म्हटलेलं तिच्या आईला रुचेना. मग तिनेच दोन्हींचं मिळून एक करून टाकलं. कामावरचे दोस्त हसले, म्हणाले, प्रसंगच बाका आहे. त्याला मात्र ते नाव फार आवडलं, कारण ते दुसऱ्या कोणाचं असूच शकत नव्हतं.

यंदा पोरीचा आठवा वाढदिवस होता आणि तिचं फर्मान निघालं होतं की सगळं अंतराळाचं हवं. केक चंद्राचा, टोप्या रॉकेटच्या, आणि निमंत्रणं घरीच केलेली. दुकानातलं रॉकेट सगळ्यांकडेच असतं, असं तिचं म्हणणं. बाकाने हे काम हौसेने अंगावर घेतलं. तिने चित्रकलेच्या वहीत काढलेलं रॉकेट त्याने स्कॅन केलं. त्याचा एक पंख आखूड आणि एक लांब होता. सरळ करू का, असं विचारल्यावर तिने त्याच्याकडे अशा नजरेने पाहिलं की त्याने मुकाट्याने माउसवरचा हात काढला.

कार्ड म्हणजे यानाची गोल खिडकी होती. जाड कागदाच्या दोन चकत्या, मधोमध पिन. वरच्या चकतीला एक खाच. खालची फिरवली की खाचेतून एकेक ग्रह सरकत जायचा आणि सगळ्यात शेवटी तारीख, वेळ आणि घरचा पत्ता यायचा. मागे सगळीकडे निळी रात्र. प्रिंटरला एवढा जाड कागद गिळवेना, तेव्हा बाकाने मागची झडप उघडली आणि एकेक कागद हाताने धरून आत सरकवला. पहिलं कार्ड धड बाहेर आलं तेव्हा पोरगी त्याच्या पाठीवरच चढली. बायको दारात उभी राहून हसत होती. तोवर सगळं छान चाललं होतं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी कामावरून येऊन तो उरलेली कार्डं छापायला बसला, तर काळी शाई संपली होती. निळी संपली असती तर त्याने एक शब्दही काढला नसता. पण कार्डात काळं म्हणाल तर पत्त्याच्या चार ओळी! तेवढ्याने अख्खी काळी शाई आटतेच कशी? त्याने बायकोला विचारलं. पोरीने शाळेचं काहीतरी छापलं असेल, असं ती म्हणाली, पण म्हणताना हातातल्या टॉवेलची तिने उगाच दोनदा घडी घातली. पोरीला विचारलं तर तिने ओठ आत ओढून घेतले. अळीमिळी गुपचिळी. बाकाच्या मनात पाल चुकचुकली.

एकदा कान तिकडे लागला की सगळीकडून खडखडाट ऐकू येतो. जाड कागदाचा गठ्ठा त्याला बारीक झालेला वाटला. बायको फोन आला की बाल्कनीत जायची आणि दार ओढून घ्यायची, बाहेर गाड्यांचा आवाज म्हणून घरातली माणसं दार उघडं ठेवत नाहीत हे खरं, पण मग बोलायचं तर घरातच बोलावं. तो आला की तिचं वाक्य बदलायचं. आणि एकदा तो नेहमीपेक्षा लवकर घरी पोचला, तर पोरगी जेवणाच्या टेबलावर एका कार्डावर डिंकाने लोकरीचा धागा चिकटवत होती, ताऱ्यांच्या कडेकडेने. त्याला पाहताच तिने कार्डावर आडवा हात टाकला.

कोणासाठी आहे, असं त्याने अगदी सहज विचारल्यासारखं विचारलं.

"हे पाहायचं नाहीये," ती म्हणाली. "हे हात लावायचं आहे." मग जास्त बोललो हे लक्षात येऊन तिने कार्ड पोटाशी धरलं आणि आत पळाली.

हात लावायचं. म्हणजे कोणीतरी ते जपून ठेवणार होतं, हातात घेऊन बसणार होतं. बाकाने मनात सगळं जुळवून टाकलं. पोरगी मोठी होत होती, तिला बाप आठवत असणार, आणि बायको चोरून तिला त्याच्याशी जोडून देत होती. लग्नाच्या वेळी बाकाने एकच अट घातली होती, जुनं घर जुनंच राहू दे. तेव्हा तिने मान डोलावली होती. आता त्याला आठवेना की ती मान होकाराची होती की नुसतीच खाली गेली होती.

शनिवारी मायलेकी फुगे आणायला म्हणून निघाल्या. बाकाने आपल्यालाही एका इमारतीत काम निघाल्याचं सांगितलं, हत्यारांची पिशवी खांद्याला लावली आणि स्कूटरवरून त्यांच्या बसमागे गेला. पूर्ण वाटभर त्याला स्वतःची लाज वाटत होती आणि पूर्ण वाटभर तो बसवरची नजर हलू देत नव्हता. बस बाजाराच्या थांब्यावर थांबली, त्या उतरल्या नाहीत. पुढे एका जुन्या वसाहतीपाशी उतरल्या. लग्नाच्या कागदपत्रांत त्याने हा पत्ता वाचला होता. समोरच्या सायकलदुकानाच्या आडोशाने त्याने पाहिलं, की फाटक उघडायला तोच माणूस आला. पोरीचा बाप. जुन्या फोटोतल्यापेक्षा थोडा सुटलेला, घरच्या कपड्यांत. तो वाकून पोरीशी काहीतरी बोलला, मग बायकोशी बोलला, आणि तिघंही आत गेली.

बाका घरी आला आणि कार्डांच्या चकत्या कापायला बसला. डोकं तापलेलं असताना हाताला काम हवं. पण कात्री काही गोल फिरेना, आणि दोन ग्रह अर्धे कापले गेले.

मायलेकी परतल्या तेव्हा त्यांच्या हातात फुगे होतेच. खोटं बोलायचं तर पुरावाही आणायचा, असं त्याला कडवटपणे वाटलं. पोरगी हात धुवायला गेली. त्याने कात्री खाली ठेवली.

"फुगे त्याच्या घरी मिळतात?"

बायको खुर्चीच्या पाठीला धरून उभी राहिली. तिने नाकारलं नाही, एवढं बरं केलं. "आजीकडे गेलो होतो," ती म्हणाली. "तिला आता दिसत नाही. डोळे गेले तिचे."

ही आजी म्हणजे पोरीच्या बापाची आई, बायकोची पहिली सासू. बाकाने तिच्याबद्दल ओझरतं ऐकलं होतं. त्या संध्याकाळी बायकोने पहिल्यांदा सगळं सांगितलं. संसार मोडला तेव्हा तिची बॅग या म्हातारीने स्वतः भरून दिली होती, पोटच्या मुलाच्या देखत, सुनेची बाजू घेऊन. पोरगी तीन वर्षांची होईपर्यंत तिच्याच कुशीत झोपली होती. अलीकडे नजर जात चालल्याचं कळल्यावर बायकोने फोन सुरू केले. आधी कार्डावर मोठमोठी काळी अक्षरं छापून तिला पाठवली, तीही तिला वाचता आली नाहीत, शाई मात्र त्यात संपली. मग पोरीने धाग्याची शक्कल काढली. तेच कार्ड घेऊन आज गेल्या होत्या. तारे म्हातारीच्या बोटांना कळले, पण डिंक वाळून धागा सुटला, आणि मधोमध धाग्याने काढलेला आठाचा आकडा तिला काही केल्या लागेना, म्हणून कार्ड परत आणलं.

"मला सांगितलं का नाहीस?"

"तू नाही म्हणाला असतास."

"म्हणालोही असतो," बाका म्हणाला. "पण ते मला म्हणू द्यायचं होतंस."

मग तिच्या डोळ्यांत काहीतरी बदललं. "आम्ही तिकडे गेलो हे तुला कसं कळलं?"

त्याने खाली ठेवलेली कात्री पुन्हा उचलली. तिने कोपऱ्यातल्या हत्यारांच्या पिशवीकडे पाहिलं, मग त्याच्याकडे, आणि फुग्यांची पुडी टेबलावर ठेवून आत गेली.

त्यानंतरचे दिवस घरात दोघंही मूग गिळून वावरत होते. बोलणं मीठ-पाण्यापुरतं. दोघांनाही आपण दुखावलो गेलो असंच वाटत होतं, आणि दोघांचंही खरं होतं. पोरगी मध्ये बसून जेवायची आणि एकदा याच्याकडे, एकदा तिच्याकडे पाहायची. शेवटी एका सकाळी, बुटाची नाडी बांधता बांधता, तिने विचारलं, "बाका, आजीला बोलवायचं नाही का?"

तो तिच्याशी खोटं बोलू शकला असता, पण बोलवू, असं म्हणाला. कामावर गेल्यावर त्याने जुन्या सुट्या भागांचं खोकं उपसलं. लिफ्टच्या बटणांवर हल्ली आकडे उठावाचे असतात, न दिसणाऱ्यालाही बोटाने मजला कळावा म्हणून. एका मोडीत निघालेल्या लिफ्टचं आठव्या मजल्याचं बटण त्याला सापडलं. घरी येऊन त्याने त्याची पातळ वरची टिकली सोडवली, पोरीला शेजारी बसवलं आणि कार्डाच्या मधोमध घट्ट चिकटवली. सुटलेला धागा पोरीने नव्याने लावला, या वेळी डिंकाऐवजी त्याच्याकडच्या पक्क्या ग्लूने. बायको स्वयंपाकघरातून पाहत होती. तिने चहाचा कप त्याच्या हाताशी आणून ठेवला.

कार्ड द्यायला तो एकटा गेला. दार पोरीच्या बापाने उघडलं आणि उंबऱ्यातच उभा राहिला. दोघांनी एकमेकांना पायापासून डोक्यापर्यंत पाहून घेतलं. हा भांडायला आलाय का, असं त्या माणसाच्या चेहऱ्यावर स्पष्ट होतं. आतून म्हातारीचा आवाज आला, कोण आहे रे. बाकाने निमंत्रण पुढे केलं. त्या माणसाने बटणावरून अंगठा फिरवला आणि क्षणभर मान वर केली नाही.

"मी आईला सोडायला येईन," तो म्हणाला. "वर येणार नाही."

वर या, असं बाकाच्या तोंडून निघालं नाही. तेवढं मोठं मन त्याच्यापाशी नव्हतं, आणि आहे असं दाखवायचीही त्याची इच्छा नव्हती. "आमच्याकडे लिफ्ट आहे," तो म्हणाला. "त्यांना चढावं लागणार नाही."

वाढदिवसाला बैठकीच्या खोलीत निळा कागद लावला होता आणि टोप्या घातलेली पोरं एकमेकांवर आदळत होती. म्हातारीला खिडकीपाशी बसवलं होतं. प्रत्येक पोर येऊन तिच्या मांडीवरचं कार्ड चाचपून जात होतं, कारण तसं कार्ड आणखी कोणाला मिळालं नव्हतं, आणि त्यावरून थोडी रडारडही झाली. बाका केकची ताटं वाटत होता, पण मध्येमध्ये पडदा सरकवून खाली बघत होता. म्हातारीला सोडायला आलेली गाडी तिथेच उभी होती. तो माणूस आत बसून होता, एकदाही उतरला नाही. तरी बाका बघतच राहिला.

पोरं पांगल्यावर त्याने म्हातारीला हाताला धरून खाली नेलं. गाडीत बसताना तिने त्याचा हात सोडला नाही. पोरीची उंची त्याला विचारून तिने हवेत तळहात धरला, एवढी का, म्हणून. त्याने तिचा हात थोडा वर उचलून दिला.

वर आला तेव्हा बायको जमिनीवर बसून कागदाचे तुकडे गोळा करत होती. तोही समोर बसला. यापुढे जायचं असेल तेव्हा सांगून जाईन, असं ती म्हणाली. यापुढे मागे येणार नाही, असं तो म्हणाला. मग त्याने विचारायचं नाही ठरवलं होतं तेच विचारलं.

"त्या दिवशी फाटकात तो तुला काय म्हणाला?"

तिने हातातले तुकडे पिशवीत टाकले. "म्हणाला, आई सकाळपासून साडी बदलून बसली आहे."

बाकाने तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं, बराच वेळ. तो खोटा वाटत नव्हता. त्याने विश्वास ठेवायचं ठरवलं, आणि तो असा ठरवून ठेवावा लागला याचं त्याला मनातून वाईट वाटलं. तिला ते कळलं असावं. तिने कोपऱ्यातला झाडू उचलून त्याच्या हातात दिला, आणि सोफ्याखालचा कचरा तू काढ, असं म्हणाली.